कॉफीची चक्की आणि कामतघरचे अण्णा

शाबान महिना संपत आला होता. रमजानला जेमतेम नऊ दिवस उरले होते आणि आमच्या धाकट्या बहिणीच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हते. भांडण कसलेच नव्हते. दुकानातली चक्की बंद पडली होती.

आमच्या बहनोईंनी मस्कतमध्ये चौदा वर्षे एका कॉफीच्या दुकानात नोकरी केली. दोन वर्षांपूर्वी ते कायमचे परतले आणि कल्याणमध्ये दूधनाक्याजवळ त्यांनी कॉफीचे छोटे दुकान काढले. आखातातून परतलेला माणूस साठवलेला पैसा बहुधा घराच्या स्लॅबमध्ये घालतो, नाहीतर लेकीच्या लग्नासाठी ठेवतो. यांनी तो यंत्रांत घातला. त्यामुळे नातेवाइकांत आधीपासूनच कुजबुज होती. चहाच्या मुलखात कॉफी कोण पिणार, असे तोंडावर विचारणारेही होते. पण पहिल्याच रमजानमध्ये तरावीहनंतर दुकानासमोर तरुण मुलांची गर्दी उभी राहिली आणि कुजबुज थांबली. वर्षभराच्या भाड्याचा मोठा हिस्सा त्या एका महिन्यात निघतो, असा हिशेब बहिणीने आम्हाला वहीत दाखवला होता.

त्या दिवशी सकाळी बियांबरोबर एक खडा चक्कीत गेला. कर्र असा आवाज झाला, चक्की थबकली, मग थरथरत पुन्हा फिरू लागली. दळलेली कॉफी पाहिली तर निम्मी पिठासारखी आणि निम्मी रव्यासारखी. जिथून चक्की घेतली होती तिथे फोन केला. उत्तर मिळाले की हे मॉडेल बंद झाले, सुटा भाग मिळणार नाही, नवीन घ्या. नवीनची किंमत पाऊण लाखाच्या वर. बहिणीने फोन ठेवला आणि आम्हाला म्हणाली, "भाईजान, आता तुम्हीच यांना सांगा, नोकरी शोधायला."

वाचकहो, एवढ्याशा चक्कीचे काय एवढे, असे आम्हालाही वाटले होते. आम्ही भाषेचे शिक्षक, उर्दू आणि मराठी शिकवणारे. यंत्रातले आम्हाला काही कळत नाही. बहनोईंनी चक्की उघडून दाखवली तेव्हा मात्र पटकन ओळख पटली. ते आमच्या दादीचे जातेच होते. वरची तळी स्थिर आणि खालची फिरती, एवढाच काय तो फरक. जात्यात वरची फिरते, खालची स्थिर असते. दगडांच्या जागी चौसष्ट मिलिमीटर व्यासाची दोन पोलादी कडी, त्यांवर धारदार खाचा. बिया मधून पडतात, कडेने पीठ बाहेर येते. दोन कड्यांमधले अंतर कमी केले की बारीक, वाढवले की जाडसर. वरचे कडे ज्या गळ्यात बसते त्याला बारीक आटे असतात. तो गळा फिरवून हे अंतर ठरवायचे. खालचे कडे एका थाळीवर तीन स्क्रूंनी बसवलेले असते आणि ती थाळी मोटरच्या दांड्यावर फिरते, मिनिटाला सुमारे चौदाशे वेळा.

कॉफी जाड दळली तर गरम पाणी तिच्यातून धावत जाते आणि पेय आंबट, पाणचट होते. फार बारीक दळली तर पाणी अडते आणि पेय कडू होते. म्हणून सगळे कण शक्यतो सारखे लागतात. आमच्या चक्कीची थाळी खड्याच्या धक्क्याने दांड्यावर सैल होऊन डुलू लागली होती. एका बाजूला कडी जवळ येत होती, दुसऱ्या बाजूला लांब जात होती. म्हणून एकाच वेळी पीठही आणि रवाही.

कॉफीचे आणि आपले नाते तसे जुने आहे. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या इबादतीत जागे राहण्यासाठी कहवा पीत. तिथल्या मोखा बंदरातून ती जगभर गेली. १५११ साली मक्केत एका हाकिमाने तिच्यावर बंदीही घातली होती, पण ती टिकली नाही. आपल्याकडे बाबा बुडन नावाच्या बुजुर्गांनी सतराव्या शतकात हजहून परतताना सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या असे सांगतात. त्या डोंगराला आजही त्यांचेच नाव आहे. हे सारे आम्ही बहिणीला सांगितले. ती म्हणाली, "बाबांनी बिया आणल्या, चक्की कोण आणणार?"

उत्तर दिले एका गिऱ्हाइकाने. भिवंडीत यंत्रमागांवर फिटर म्हणून काम करणारा हा तरुण रात्री कल्याणला घरी परतताना दुकानात थांबायचा. त्याने थाळी हातात घेतली, बोटाने भोक चाचपले आणि म्हणाला, "हे कामतघरला न्या. सांच्याचे पार्ट बनवतात तिथे. आमचे साचे बनवणाऱ्या कंपन्या तर केव्हाच बंद झाल्या. तरी साचे चालतातच ना?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. फिटरने बजावले होते की नुसता तुटलेला भाग नेऊ नका, तो ज्याच्यावर बसतो तेही न्या. म्हणून आम्ही दोघांनी अख्खी चक्की गोणपाटात गुंडाळली आणि शेअर रिक्षात मांडीवर घेऊन बसलो. दुर्गाडीचा पूल ओलांडला, खाली खाडीचे पाणी ओहोटीला लागले होते. कोनगाव गेले, राजनोली नाका गेला. तिथून पुढे ट्रक आणि कंटेनर यांच्यामधून रिक्षाने वाट काढायची. भिवंडीभोवती आता मैलोगणती गोदामे उभी आहेत. घरबसल्या मागवलेला माल मुंबई-ठाण्याच्या दारात पोहोचतो तो बराचसा इथून निघून. कल्याण नाक्यावर रिक्षा बदलली, धामणकर नाका मागे टाकला आणि कामतघरला उतरलो.

भिवंडीचे नाव वर्तमानपत्रात येते ते गोदामाच्या आगीमुळे, कोसळलेल्या इमारतीमुळे किंवा जुन्या दंगलींच्या आठवणीने. आम्हीही इतकी वर्षे शेजारच्या गावात राहून कामतघर पाहिले नव्हते. मूळचे हे आगऱ्यांचे गाव. जवळच वऱ्हाळा देवीचा मोठा तलाव आहे. शहराला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या स्रोतांपैकी तो एक. काठावर उभे राहिले की वारा येतो आणि त्या वाऱ्याबरोबर यंत्रमागांचा खटाखट आवाज येतो. तलावापासून वस्तीत शिरलो तर गल्लीगल्लीत पाट्यांची भाषा बदलत होती. मराठी, हिंदी, उर्दू आणि गोल गोल अक्षरांतली तेलुगू. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर कामतघर आणि पद्मानगर या भागात कित्येक पिढ्यांपासून राहतात. शहराच्या दुसऱ्या बाजूला अन्सारी मोमिनांची वस्ती. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून हातमाग गुंडाळून निघालेली ही कुटुंबे मालेगाव आणि भिवंडीत स्थिरावली. दोघांचा धंदा एक, कापड विणण्याचा. वीज आल्यावर, १९३० च्या आसपास, हातमागांच्या जागी यंत्रमाग येऊ लागले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचे कितीतरी काम भिवंडीकडे वळले. गिरण्यांनी काढून टाकलेले जुने मागही इकडे आले.

हे माग मुळात विलायतेतल्या लँकेशायरमधल्या धर्तीचे. तिथल्या ब्लॅकबर्न आणि बर्नली या गावांत पूर्वी माग बनवण्याचे मोठमोठे कारखाने होते. ते कधीच बंद पडले. त्यांच्या धर्तीचे माग मात्र भिवंडीत धडधडत राहिले. माग म्हटला की त्यात सतत काहीतरी झिजते. धोटा एका बाजूकडून दुसरीकडे फेकणारी काठी, ती फेकणारा खालचा दांडा, दातेरी चाके, बुश, पिना. कंपनी नाही म्हणून धंदा बंद करून चालत नाही. त्यामुळे या गल्ल्यांत खरादीची दुकाने उभी राहिली. उर्दूत खराद म्हणतात, इथे सगळे 'लेथ' म्हणतात आणि जुन्या मराठीत लाकडावर हेच काम करणाराला कातारी म्हणत. झिजलेला भाग आणा, त्यावरून नवा बनवून देतो, हा त्यांचा उद्योग.

आम्हाला जायचे होते ते दुकान एका बंद कारखान्याला लागून होते. आत दोन लेथ, एक ड्रिल, भिंतीवर तारेत ओवलेली दातेरी चाके आणि पायाखाली लोखंडाचा कीस. मालक साठीच्या आसपासचे, तेलुगू. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणालो. हाताखाली एक मुलगा होता, शेजारच्या गल्लीतला अन्सारी. त्यानेच आधी सलाम केला.

अण्णांनी चक्की चारी बाजूंनी पाहिली. "सर, ये सांचा नहीं है," ते म्हणाले. आमचे तोंड उतरलेले पाहून हसले. "मगर पहिया तो पहिया है."

मग त्यांनी बहनोईंना विचारले, मधला नट कोणी खेचला? बहनोई ओशाळले. त्यांनीच घरी जोर लावला होता. अण्णा म्हणाले, याचे आटे उलटे आहेत. चक्की ज्या दिशेने फिरते तिच्यामुळे नट सुटू नये, उलट आवळत राहावा म्हणून असे करतात. तुम्ही सोडायला गेलात आणि आवळत बसलात. उर्दूत ज्याला चूडी म्हणतात त्याला मराठीत आटे. ते उलटेही असतात हे आम्हाला पंचेचाळिसाव्या वर्षी कळले.

त्यांनी चुंबकाच्या पायावर उभे केलेले एक घड्याळासारखे यंत्र थाळीच्या कडेला टेकवले. त्याला ते डायल म्हणतात. थाळी हाताने सावकाश फिरवली तसा काटा पुढे गेला, मागे आला. "बारह थाऊ," अण्णा म्हणाले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बारा थाऊ म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर. बहनोई चपापले, कारण त्यांच्या यंत्रासाठी कॉफीचा कणच साधारण तेवढा लागतो. कणाएवढे अंतर ठेवायचे आणि थाळी कणाएवढी डुलते, मग दळण सारखे येणार कसे? अण्णांना कॉफीचे काही ठाऊक नव्हते, ते चहा पितात. पण आकडा ऐकताच दोघांना एकमेकांचे बोलणे कळले. त्यानंतर दोन तास आम्हाला कोणी काही विचारले नाही. आम्ही स्टुलावर बसून पाहत राहिलो.

अडचण अशी होती की थाळीचे भोक घासून लांबट झाले होते आणि मोटरचा दांडाही चरे पडून खराब झाला होता. थाळी नवी बनवता येते. दांडा मोटरचाच भाग, तो बदलायचा तर मोटर बदलावी लागेल. अण्णांनी तोड काढली. चौदा मिलिमीटरचा दांडा लेथवर घासून तेरावर आणायचा, म्हणजे चरे निघून तो पुन्हा गोल होईल. आणि नव्या थाळीचे भोक तेराचेच करायचे. दांड्याला आणि थाळीला जोडणारी जी छोटी पट्टी असते तिला चावी म्हणतात. तिच्यासाठी दोन्हीकडे नवी खाच पाडायची.

थाळी कशाची करायची यावर बराच खल झाला. जुनी अॅल्युमिनियमची होती, म्हणूनच स्क्रूंचे आटे उपटले. पितळ कापायला सोपे, पण सहज कापले जाणारे पितळ बहुधा शिसे मिसळलेले असते, खाण्याच्या वस्तूजवळ ते नको. मागाचे दांडे ज्या पोलादाचे करतात ते मजबूत, पण त्याला गंज चढतो. शेवटी ३०४ नंबरचे स्टेनलेस स्टील ठरले, आपली चांगली भांडी ज्याची असतात ते. अण्णांनी कपाळाला आठी घातली. हे स्टील कापायला चिवट. टूल एका जागी नुसते घासत राहिले तर तेवढा भाग अधिकच कडक होऊन बसतो. म्हणून हात न थांबवता कापत जावे लागते.

लेथवर पोलादाचा गोल तुकडा चढला. वेळ लागला तो कापायला नाही, पकडायला. चार जबड्यांत तुकडा धरून अण्णा एकेक जबडा किंचित आवळत, डायल लावत, पुन्हा सैल करत. अर्धा तास हेच. मग एकदा सुरुवात केल्यावर भोक आणि कडे बसायची वरची जागा, दोन्ही त्यांनी तुकडा न सोडता एकाच पकडीत कापले. आम्ही कारण विचारले. ते म्हणाले, सोडून पुन्हा धरले की दोन्ही एकमेकांशी काटकोनात राहतील याचा भरवसा नाही, आणि मग थाळी पुन्हा डुलणार. कडेला कॉफी बाहेर ढकलणारे तीन दात हवे होते. त्यासाठीचे मिलिंग मशीन पलीकडच्या गल्लीत दुसऱ्याकडे होते. अन्सारी मुलगा थाळी फडक्यात गुंडाळून घेऊन गेला आणि तासाभराने परत आला. एकाकडे लेथ, दुसऱ्याकडे मिलिंग, तिसऱ्याकडे वेल्डिंग. अख्खी गल्ली मिळून एक कारखाना आहे.

संध्याकाळी थाळी बसवली आणि पंचाईत झाली. वरचा गळा पुरता फिरण्याआधीच दोन्ही कडी एकमेकांना घासू लागली. थाळी एक मिलिमीटर उंच झाली होती. अण्णांनी जुनी थाळी पुन्हा मोजली, गप्प बसले आणि म्हणाले, "माझी चूक. घासलेल्या बाजूने माप घेतले." बहनोई म्हणाले, वरून एक मिलिमीटर काढून टाका. अण्णांनी मान हलवली. पकड सुटली होती. पुन्हा धरून कापले तर काटकोनाचा भरवसा राहणार नव्हता. "दुसरी बनवतो. पोलाद माझे. मंगळवारी या."

परतताना रिक्षात बहनोई एक अक्षर बोलले नाहीत. आम्हालाही मनातून वाटत होते की मंगळवारी पुन्हा काहीतरी निघेल. दोन दिवस गेले, रमजान दोन दिवसांनी जवळ आला.

मंगळवारी शाळा सुटल्यावर गेलो. दुसरी थाळी तयार होती. अण्णांनी ती एका दांड्यावर चढवून दोन सरळ पट्ट्यांवर ठेवली. ती आपोआप थोडी घरंगळून थांबली, जड बाजू खाली आली. तिथे खालून थोडे पोलाद खरवडले, पुन्हा ठेवली. असे तीन-चारदा केल्यावर ती जिथे ठेवाल तिथे थांबू लागली. पोलाद अॅल्युमिनियमपेक्षा जड, म्हणून मोटरवर भार येऊ नये यासाठी त्यांनी खालची बाजू आधीच पोखरून हलकी केली होती. चक्कीत बसवून डायल लावला. काटा एका थाऊपेक्षा जास्त हलला नाही. बहनोईंनी पिशवीतून बिया काढल्या, आधी वर्तमानपत्रावर पसरून एकेक पाहिल्या, खडा नाही याची खात्री केली आणि मगच चक्कीत टाकल्या. दळलेली कॉफी त्यांनी चिमटीत घेतली, चोळली आणि अण्णांच्या तळहातावर ठेवली. दोघेही काही बोलले नाहीत. आम्हाला मात्र दादी जात्यातले पीठ अशीच चोळून पाहायची ते आठवले.

किती झाले विचारले. अण्णांनी कागदावर आकडे मांडले, पोलादाचे, मिलिंगवाल्याचे, स्वतःच्या मजुरीचे. पहिली थाळी त्यांनी हिशेबात धरलीच नाही. एकूण तीन हजार सहाशे रुपये. बहनोईंनी चार हजार पुढे केले, त्यांनी चारशे परत दिले.

चहा आला. शेजारचा कारखाना बंद का, असे आम्ही विचारले. अण्णा म्हणाले, मालकाने साचे विकले. कोणाला? भंगारवाल्याला, किलोवर. सुताचे भाव, विजेचे बिल, बाहेरून येणारे स्वस्त कापड, जुन्या मागांवर आता सुटत नाही. गल्लीतली तीन लेथ दोन वर्षांत बंद झाली. साचे कमी झाले की त्यांचे भाग कोण करून घेणार? मग त्यांनी मुलाकडे बोट दाखवले. "हाही जाणार पुढच्या महिन्यात. गोदामात. तिथे डबे भरायचे काम आहे, पगार महिन्याला ठरलेला." मुलगा खाली पाहत फडके घडी करत होता. ठरलेल्या पगाराला नाव ठेवण्याचा अधिकार आम्हाला नाही, आम्हीही त्यावरच जगतो.

निघताना अण्णांनी विचारले, "सर, तुमच्या शाळेत हे कोणी शिकवते का?"

आम्ही नाही म्हणालो. एवढ्यावर ते थांबले. पण आम्हाला थांबता आले नाही. शाळेत ते शिकवत नाहीत एवढेच नव्हे, आम्ही स्वतः गेली वीस वर्षे वर्गात एक वाक्य म्हणत आलो आहोत. अभ्यास केला नाहीस तर कारखान्यात जाशील. मागच्या बाकावरच्या मुलाला उठवून म्हणतो, पालकसभेत त्याच्या वालिदांसमोर म्हणतो. ते वालिद बऱ्याचदा कारखान्यातूनच सुट्टी टाकून आलेले असतात. आम्हाला त्या मुलाचे भलेच हवे असते. रात्रपाळी, कानठळ्या बसवणारा आवाज, छातीत जाणारा कापसाचा धुरळा हे त्याच्या नशिबी येऊ नये असे वाटते आणि त्यात चूक नाही. पण ते वाक्य म्हणताना कारखान्यात काम करणाऱ्याला काही येत नाही, तो नापास झाल्याची शिक्षा भोगतो आहे, असे आम्ही मुलाच्या मनावर कोरत होतो. मांडीवर चक्की घेऊन परतताना हे मनात आले आणि कल्याण येईपर्यंत गेले नाही.

रमजानचा चांद दिसला त्या रात्री दुकान उघडे होते. बहिणीने हिशेबाच्या वहीत "चक्की दुरुस्ती ३६००" असे लिहिले आणि खाली रेघ मारली. बहनोईंनी आता दोन नियम केले आहेत. बिया चक्कीत टाकण्याआधी ताटात पसरून पाहायच्या, आणि दर आठवड्याला वीज बंद करून, वायर काढून, कडी कोरड्या ब्रशने साफ करायची, पाणी लावायचे नाही. गळा कुठे फिरवून ठेवला होता त्याची खूण आधी पेनाने करायची.

ईदनंतर दहावीच्या वर्गाला आम्ही आयटीआयची माहिती दिली. टर्नर, फिटर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत आणि दहावी पास झालेल्याला त्यांत प्रवेश घेता येतो. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकता येते. संगणकावर चालणाऱ्या आजच्या लेथवर काम करणारालाही मोजणे आणि पकडणे आधी शिकावेच लागते. एका मुलाच्या वालिदांनी स्पष्ट नकार दिला. दुसऱ्या एका मुलाची अम्मी दोनदा येऊन फी विचारून गेली. अण्णांची लेथ चालू राहील का, हे मात्र आमच्या हातात नाही.

ती जुनी थाळी आम्ही अण्णांकडून मागून आणली होती. ती आता वर्गात टेबलावर असते. विज्ञानाच्या सरांकडून वर्नियर कॅलिपर घेऊन एकदा मुलांना भोकाचा व्यास मोजायला सांगितला. पहिल्याने १४.० सांगितले, दुसऱ्याने १४.३. दोघांत वाद जुंपला, तुला मोजता येत नाही असे दोघेही म्हणू लागले. तेव्हा मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा मुलगा उठून पुढे आला. त्याने कॅलिपर हातात घेतला, भोकात लावला, सावकाश फिरवून आडवा लावला आणि आमच्याकडे पाहून म्हणाला, "सर, दोघेही बरोबर आहेत. हे भोक गोलच नाहीये."